हजेरीपट

धान निघालं की मैदान निघतं.
तीन बांध्यांचे धुरे यंदाही फावड्यानं बसवले,
तरी उत्तरेचा गोल वीतभर खोलात राहतो.
टॉस जिंकणारा दुसऱ्या हाफला उतार मागून घेतो
आणि त्याला डावपेच म्हणतो.
जूनमध्ये इथं पऱ्हे लागतील.
म्हणजे हंगाम सहा महिने,
उन्हानं आधीच हाकललं तर पाच.

मी मोहटोल्याचा रोजगार सेवक.
गावतलाव, पांदणरस्ता, बोडीची पाळ,
सगळे हजेरीपट माझ्या अक्षरातले.
म्हणून फुटबॉल मंडळाची वहीही माझ्याकडे:
चुना दोन पिशव्या,
पंपाची सुई (हरवली, परत घेतली),
पहिलं बक्षीस बोकड, दुसरं पाच कोंबडे,
रेफ्रीला दुपट्टा-टोपी.
पगार हा शब्द वहीत कुठेच नव्हता.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी वडशाहून केवळराम नाकाडे आला,
नाटक कंपनीचा मालक, डोळे रात्रीच्या जागरणाचे.
धुऱ्यावर बसून त्यानं अख्खी मॅच पाहिली, मग म्हणाला,
"आमचा नट चार महिने रंग लावते अन् वर्षभर खाते.
तुमच्या पोरायनं का पाप केलं?
आठ गावं, आठ संघ. कनात मारू, तिकीट लावू.
खेळणाऱ्याले नाईट देऊ.
दुपारी खेळला तरी नाईटच म्हणाचं."

सगळे हसले.
टिकाराम दुग्गा हसला नाही.
दोन वर्षं तो नागपूरच्या क्लबात होता.
बूट क्लबचे, जेवण स्वतःचं,
रात्री एका एटीएमच्या दारात स्टुलावर.
परत आला तेव्हा पिशवीत गुडघ्याची फाइल होती,
डॉक्टरच्या सहीची जागा कोरी.
त्यानं एवढंच विचारलं, "पाय मोडला तं?"
नाकाडे म्हणाला, "गळा बसला तं?"

हे काही उत्तर नव्हतं.
पण दोघं एकमेकांकडे बघत राहिले,
एकाच बाजारात माल घेऊन बसलेल्यांसारखे.

मास्तरांनी टीव्हीवर पाहिलेला देश सांगितला:
माणसं आपल्या दोन तालुक्यांएवढी,
अर्धं वर्ष बर्फ,
तरी मोठमोठ्यांना घाम फोडला.
मागून कुणीतरी बोललं, "त्यायच्याकडं धान नसन."

पहिल्या दुपारी तिकीट दहा रुपये.
निम्मं गाव कनातीखालून आलं,
उरलेल्यातलं बरंचसं मोहाच्या फांद्यांवर.
संध्याकाळी तणशीच्या ढिगाजवळ चादर पसरून मोजलं,
चिल्लर बाजूला, नोटा बाजूला.
वाटणी आली दोनशे दहा.
मी सवयीनं रकाने आखले:
अनुक्रमांक, नाव, दिवस, कामाचं स्वरूप, मोजमाप, सही.

कामाच्या स्वरूपाशी पेन अडला.
तलावावर मी लिहितो, मातीकाम, कठीण मुरूम.
इथं काय?
पोरं पळाली, पडली, एकमेकांच्या आया काढल्या.
कोणत्या दरपत्रकात बसतं हे?

रांगेत पुढे सगुणा हलामी होती,
आठ संघांत एकटीच मुलगी, आमची गोलकीपर.
धसकटांवर आंग टाकायला पोरं तयार नव्हती,
म्हणून ती जागा तिला मिळाली.
कोपरांवर हळद लावलेली, हळदीतून अजून पाझरत होतं.
म्हणाली, "लिवा, अडवनं."
मोजमाप?
"पाच. एक गेला."
मी पाच लिहिलं.
"गेलेला बी लिवा," ती म्हणाली,
"तोबी माह्याच आंगावरून गेला."

लिहिला.
नंतर तिच्या मागच्या दहा जणांनी
आपापलं काम आपल्या तोंडानं सांगितलं.
एकानं सांगितलं, "धावलो, पण बॉल कोनी देल्लाच नाई."
तेही मांडलं, दर तोच.

सगुणानं पैसे दोनदा मोजले,
एक फाटकी नोट परत करून चांगली मागितली,
मग सही केली, पूर्ण नाव, आडनावासकट.

जूनच्या पुढचे रकाने मी आखलेत, भरले नाहीत.
खाली उजवीकडे शिक्क्यापुरती जागा सोडली आहे.
शिक्का अजून बनवायचा आहे.